भिंतीवरचं नाक

कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असणार, "जरासंच बदल. कुणाला कळतंय?" ते कुणीतरी आजवर पुढे आलेलं नाही. येणारही नाही. एक अख्खं नगर आजारी पाडून ते आपल्या घरी निवांत जेवत बसलं असेल आणि वर विचारत असेल, "मी काय केलं?"

काय केलं ते ऐका.

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. भोवती तट, आणि तटाला एकच वेस. लुटारूंचा काळ होता, वेष पालटून कोण कधी आत शिरेल याचा नेम नसे. म्हणून तिथल्या पंचांनी एक रीत घालून दिली होती. वेशीच्या आतल्या भिंतीवर नगरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाचं चित्र काढलेलं असे. बाहेर जाताना कुणी अडवत नसे. आत येताना मात्र पहारेकरी आधी चित्राकडे बघे, मग तोंडाकडे बघे आणि म्हणे, "जा." माणसं म्हातारी होतात, जाड-बारीक होतात, म्हणून दर पाडव्याला चितारी सगळी चित्रं नव्याने काढी. मध्येच कुणाचा दात पडला, कुणाला जखम झाली, तर चितारी वेशीशेजारच्या देवडीत रंग कालवत बसलेलाच असे.

साधी, कामाची रीत होती. भिंत सुंदर नव्हती, खरी होती. त्या भिंतीवर तिरळे डोळे होते, फेंदारलेली नाकं होती, पुढे आलेले दात होते, आणि संध्याकाळी घरी परतणारी माणसं त्यांच्याकडे न बघताच जेवायला पळत.

मग एका पाडव्याला ते कुणीतरी म्हणालं, "जरासंच."

चितारी भला माणूस. त्याने नाक जरासं सरळ केलं. दुसऱ्या दिवशी त्या चित्राखाली कुणीतरी जाता जाता एक फूल ठेवलं. शेजारच्या चित्राखाली फूल नव्हतं. झालं! पुढच्या पाडव्याला शेजारणीने रंग उजळ करून घेतला, तिच्या दिराने खांदे रुंद करून घेतले, दिराच्या मित्राने गेलेले केस परत आणले. लोक आता वेशीशी थांबून भिंत बघत बसू लागले. कुणापुढे किती फुलं, यावरून कुणाला बरं म्हणायचं आणि कुणाला टाळायचं ते ठरू लागलं. सोयरिकी जुळू लागल्या त्या भिंत बघून. माळ्यांची मात्र चंगळ झाली.

पहारेकऱ्याची पंचाईत होती. चित्र एक सांगे, तोंड दुसरंच. पण ओळखीची माणसं, घरी जायची वेळ. तो डोळ्यांवर कातडं ओढून म्हणे, "जा, जा." असं म्हणता म्हणता एका संध्याकाळी एक चोरही जा-जा करत आत शिरला आणि देवळातली घंटा घेऊन गेला. सकाळी आरतीला घंटाच नाही!

पंच खवळले. फर्मान निघालं: चित्र आणि तोंड जुळलंच पाहिजे. जुळणार नाही तो वेशीबाहेर धर्मशाळेत झोपेल.

आता यावर उपाय सरळ होता. चितारी तिथेच होता, कुंचले तिथेच होते. चित्रं पुन्हा होती तशी करायची, की काम फत्ते. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण एकदा भिंतीवर स्वतःला तसं पाहिल्यावर खाली उतरायला कुणी तयार नव्हतं. त्या शहाण्या नगराने ठरवलं की चित्रं राहू देत, तोंडं बदलू.

लवकरच वेशीबाहेर, धर्मशाळेला लागून, एका रूपवैद्याचा तंबू उभा राहिला. त्याच्याकडे भुलीचं औषध होतं, बारीक सुऱ्या होत्या, मेण होतं, रेशमाचा धागा होता. लोक आपल्या तोंडाने आत जात आणि चित्राच्या तोंडाने बाहेर येत. मध्ये काही दिवस पट्ट्या असत.

या नगरात कासाराची एक मुलगी होती. नाव गोजरा. बापाचे गुडघे गेल्यापासून तीच बांगड्यांची टोपली घेऊन आसपासच्या गावांत फिरे आणि दिवस कलताना परत येई. काळीसावळी, उंच, आणि नाक पसरट. बसकं म्हणा हवं तर. त्या नाकाने तिला लहानपणापासून कसलाही त्रास दिला नव्हता. पण गेल्या पाडव्याला चितारी म्हणाला, "सगळ्यांचं सरळ केलंय पोरी, तुझंच एकटीचं कसं ठेवू? भिंतीला खड्डा पडल्यासारखा दिसेल." गोजरा म्हणाली, "करा मग. जरासंच." चाफेकळीसारखं नाक निघालं. चितारीकडे थोडा पिवळा रंग उरला होता, तोही त्याने तिच्या गालांवर संपवला.

त्या संध्याकाळपासून तिचा श्वास कोंडला. रांगेत नंबर आला की ती मान खाली करायची, डावा खांदा पुढे काढायची, गाल आत ओढायची आणि नाकपुड्या मिटून श्वास धरून उभी राहायची. तिच्यापुढची तशीच, मागचीही तशीच. अख्खी रांग वाकड्या मानेने, गाल ओढून उभी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या गावाला दाढदुखीची साथ आली आहे.

रांगेत फक्त एक जण सरळ उभी असे. ती शेळ्यावाली म्हातारी.

"काय गं ए," म्हातारी मागून म्हणे, "श्वास सोड की. मरशील आणि तुझं ओझं मला उचलावं लागेल."

"आजी, गप्प बसा ना. गाल सुटतात."

"सुटू देत. गाल म्हणजे काय शेळ्या आहेत, परत न यायला?"

पहारेकरी म्हातारीच्या चित्राकडे बघायचाही नाही. तिथे सुरकुत्यांचं जाळं होतं आणि खाली कधी फूल नसे. असलंच तर शेळ्यांनी खाल्लेलं असे.

एका संध्याकाळी पहारेकऱ्याने गोजराकडे फार वेळ बघितलं. इतका वेळ, की तिचा श्वास सुटला आणि नाक होतं तेवढं झालं.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तुला तू रांगत होतीस तेव्हापासून ओळखतो."

"मग सोडा ना काका."

"ओळखून काय करू? जुळायला पाहिजे. आज पंचांचा माणूस येऊन बसला होता दुपारभर. एवढी एक वेळ जा. पण उद्या चित्र तरी बदल, नाहीतर तोंड. यातलं एकही नसेल तर धर्मशाळेत अंथरूण टाक. माझ्या नोकरीवर पाय देऊ नकोस बाई."

गोजरा घरी आली. आई भाकऱ्या थापत होती. "एवढी का दमलीस?" आईने विचारलं. गोजराने टोपली ठेवली. दिवसभरात चार गावं पायाखाली घातली होती, पण दमायला झालं होतं ते वेशीवर उभं राहून. आईला ती एवढंच म्हणाली, "ऊन होतं."

जेवण होतं न होतं तोच सोनकी आली. सोनकी माळ्याची मुलगी, गोजराची जिवाभावाची मैत्रीण. वर्षभरापूर्वी तिने नाक करून घेतलं होतं. भिंतीवर तिच्या चित्राखाली फुलांचा ढीग असे, आणि ती बापाच्याच मळ्यातली नसत.

"ठरवलं तुझं," सोनकी म्हणाली. "रूपवैद्याशी बोलून आले. उद्या दुपारी ये म्हणालाय. मीही आहे उद्या."

"तू कशाला? तुझं झालंय ना?"

"नाक झालंय गं. यंदा सगळ्यांनी हनुवटी टोकदार काढून घेतली ना चित्रात. मीही घेतली. आता माझी ही अशी गोल. पहारेकरी परवापासून कुरकुरतोय."

"मग नाक?"

"नाक आता जुनं झालं." सोनकीने पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "पुढच्या पाडव्याला डोळे मोठे करणार आहेत म्हणे. वाड्याकडच्या मुलींनी आत्ताच सांगून ठेवलंय."

गोजराला हसू आलं. वाड्याकडच्या मुली मोठे डोळे करून रांगेत उभ्या असतील, आणि म्हातारीच्या शेळ्या घाबरून पळतील, असं काहीतरी तिने बोलून दाखवलं. पूर्वी असल्या गोष्टीवर सोनकी जमिनीवर लोळली असती. आता तिने दोन्ही तळहातांनी गाल दाबून धरले.

"हसवू नकोस. ओढतं. अजून ओढतं इथे."

"वर्ष झालं की!"

"वैद्य म्हणतो हसायचं कमी केलं की काही होत नाही." सोनकीने गालांवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "मी दमलेय गं गोजरा." आणि लगेच, "पण उद्या नक्की ये हं. न आलीस तर बाहेर झोपावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा टोपली घेऊन नदीपलीकडच्या गावी गेली. तिथे एका घरी लग्न होतं, नवरीला चुडा भरायचा होता. ओसरीवर बायका जमल्या होत्या. नवरी अंगापिंडाने चांगली दणकट, हात कामाचे, रुंद. गोजराने तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. नवरीने हात मागे घेतला.

"ह्या नकोत. बारीक द्या. माझ्या जावेच्या हातात बारीकच आहेत. तिथे सगळ्या बघतील, मापं काढतील."

"जावेचा हात लहान असेल."

"दाबून भरा ना. मी सोसेन."

गोजराने पिढीजात कौशल्याने तिचा अंगठा आत दुमडला, हात चेपला आणि बारीक बांगडी सरकवली. सांध्यापाशी ती अडली. नवरी डोळे मिटून म्हणाली, "दाबा." गोजराने दाबली. कडकन आवाज झाला. बांगडी फुटली असं म्हणू नये, म्हणून बायका घाईने म्हणाल्या, "वाढली, वाढली." पण नवरीच्या हातावर रक्ताची रेघ उमटलीच.

"थांबू नका, दुसरी भरा," नवरी म्हणाली.

तेव्हा गोजरा वैतागली. दिवस तापला होता, रात्रभर झोप नव्हती, आणि समोर ही शहाणी. ती म्हणाली, "हे बघ बाई, हाताला बांगडी बघतात, बांगडीला हात बघत नाहीत. माझ्या आज्यापासून आमच्या घरी असंच चालत आलंय. तुझा हात काय माझ्या टोपलीसाठी केलाय देवाने?"

बायका हसल्या. नवरीही हसली, डोळे पुसत. "मग मोठी भरा. पण आवाज करतील ना?"

"जावेपेक्षा जास्त करतील."

चुडा भरून झाला. नवरीने हात हलवून बघितला आणि खुशीत आत पळाली. गोजरा टोपली आवरत बसली. खाली पडलेल्या काचा वेचताना तिला स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकू आलं.

तिला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. गोष्टींतल्या मुलींना होतात. तिला एवढंच वाटलं की आपण फार दमलोय, आणि आज संध्याकाळी पुन्हा श्वास धरायची ताकद आपल्यात नाही.

तरीही दुपारी ती तंबूकडे गेली. दिलेली वेळ मोडायची तिला सवय नव्हती. तंबूबाहेर दहा-पंधरा जण बसले होते, कुणी पट्ट्या बांधलेले, कुणी अजून कोरे. सोनकी नुकतीच बाहेर आली होती. हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडकं बांधलेलं, डोळे तेवढे उघडे. तिने हातानेच खुणावलं, जा आत.

आत दोरीवर लाकडाचे साचे टांगले होते. नाकं, हनुवट्या. सगळी नाकं एकसारखी. रूपवैद्याने त्यातलं एक काढून गोजराच्या तोंडासमोर धरलं आणि एक डोळा मिटून बघितलं.

"बरंच काम आहे," तो म्हणाला.

"दुखेल?"

"रूप म्हटलं की सोसावं लागतं."

गोजराला सकाळची नवरी आठवली. मग तिचं लक्ष वैद्याच्या नाकाकडे गेलं. चांगलं पोपटाच्या चोचीसारखं नाक होतं, शेंड्यावर मसही होता.

"तुम्ही तुमचं नाही केलंत?"

वैद्य मनापासून हसला. "मी कशाला करू? मी बाहेरगावचा. मला कोण तुमच्या भिंतीवर लावतंय?"

गोजरा उठली. "नंतर येते."

"ये," वैद्याने साचा परत टांगला. त्याला राग आला नाही. "सगळे येतात. पाडवे काय संपलेत?"

देवडी तिथून हाकेच्या अंतरावर. चितारी पाय पसरून बसला होता. गोजरा त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "माझं चित्र पुसा आणि नवीन काढा. आहे तसं."

"आहे तसं म्हणजे?"

"हे असं." तिने नाकावर बोट ठेवलं.

चितारीने आजूबाजूला बघितलं. "पोरी, तुझं लग्न व्हायचंय."

"माहितीय."

"माझाही हात राहिला नाही तसा. साच्यावरून काढतो आता सगळी. बसकं नाक काढून किती पाडवे झाले, आठवत नाही."

"मी बसते. तुम्ही बघून काढा."

ती बसली. दिवस कलला, रांग लागू लागली. वाकड्या मानेची माणसं थांबून बघू लागली आणि गाल सोडून बोलू लागली.

"अगं, आहे तसं कोण लावतं का भिंतीवर?"

"मिजास बघा. आम्ही काय वेडे म्हणून सुऱ्या खाल्ल्या?"

"राहू दे गं बाई, फूल कोण ठेवणार तुझ्यापुढे?"

गोजराचे कान तापले. सुरीखाली डोळे मिटून पडायला मिळतं. इथे डोळे उघडे ठेवून बसायचं होतं आणि लोकांना बघू द्यायचं होतं. चितारीने पहिल्यांदा काढलं ते नाक सवयीने पुन्हा सरळच आलं. "हे नाही," गोजरा म्हणाली. त्याने पुसलं. दुसऱ्यांदाही तेच. "हेही नाही." तिला रडू येत होतं. उठून पळावं, तंबूत जावं, एकदाचं संपवावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण उठायचाही कंटाळा आला होता.

तिसऱ्यांदा चितारीने कुंचला खाली ठेवला आणि नुसतंच बघितलं. बराच वेळ. मग जरा ओशाळून म्हणाला, "तू हसतेस तेव्हा इथे एक घडी पडते नाकाला. ती मी कधी काढलीच नव्हती. काढू?"

"काढा."

चित्र झालं. रंग ओला होता तरी पहारेकरी पुढे आला. त्याने भिंतीकडे बघितलं, गोजराकडे बघितलं. सवयीने तिने मान खाली केली, खांदा पुढे काढला, श्वास धरला. आणि मग तिच्या लक्षात आलं की गरज नाही. तिने श्वास सोडला. केवढा तरी मोठा होता तो, कधीपासून साठलेला.

"जा," पहारेकरी म्हणाला. त्या एका शब्दात त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं.

पण गोजराचे पाय हलेनात. ती चित्राकडे बघत राहिली. चित्रातली मुलगी काही सुंदर नव्हती. दमलेली होती, सावळी होती आणि गोजरासारखी होती.

गर्दीतून सोनकी पुढे आली. फडक्याआडून तिचं बोलणं नीट फुटत नव्हतं. तिने हळूच विचारलं, "दुखलं का गं?"

"दुखलं. थोडं."

सोनकी चितारीकडे वळली. "दादा, माझं जुनं चित्र असेल का कुठे? अगदी पहिलं?"

चितारीने मान हलवली. "जुनं ठेवत नाही पोरी. पुसूनच नवं काढतो त्यावर."

"तुम्हाला आठवत असेल. माझं नाक कसं होतं?"

चितारी आठवत राहिला. पहारेकरीही आठवू लागला. सोनकीने शेवटी गोजराकडे बघितलं. गोजराला आठवत होतं, पण ते शब्दांत सांगण्यासारखं नव्हतं. तिने नुसता सोनकीचा हात धरला. आणि सोनकीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते हनुवटीवरच्या पट्टीत मुरून गेलं.

तात्पर्य कुणी विचारलंच तर एवढंच सांगावं: चित्र माणसासारखं नसेल तर चित्र पुसावं. ते हजारदा काढता येतं, माणूस नाही. पण वेशीवर तेव्हा तात्पर्य ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. दिवेलागण होत आली होती, रांग तुंबली होती, आणि मागून शेळ्यावाली म्हातारी ओरडली, "झालं का गं बघून स्वतःला? मग सरक पुढे. शेळ्या खोळंबल्यात माझ्या."